रेकॉर्ड, कॅसेट, सीडी की अ‍ॅप? आधी गाणं कुठून आलं ते पाहा

माळा आवरायला काढला की एक खोकं हमखास खाली येतं. त्यात वीस-तीस कॅसेट्स, चार-पाच एलपी (मोठ्या काळ्या रेकॉर्ड), कुणी तरी लग्नात दिलेल्या सीडी, आणि एखादी अशी कॅसेट, जिच्या कागदावर पेनानं नुसतं 'आई – ओव्या' एवढंच लिहिलेलं असतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळं फोनवर आहे, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, रेकॉर्डचा आवाज तो आवाज. दोघंही अर्धंच बरोबर बोलतात. 'कुठलं माध्यम चांगलं' असं विचारलं की भांडण मिटत नाही. 'हे गाणं मुळात कशावर उतरलं, आणि माझ्यापर्यंत येताना त्याच्या किती नकला झाल्या' असं विचारलं की बहुतेकदा लगेच मिटतं.

म्हणून खोकं उघडल्यावर तीन ढीग करा. पहिल्यात ते, जे दुसरीकडे कुठंच नाही: घरची मैफल, गावच्या मंडळाचं भजन, आखातात गेलेल्या मामानं कॅसेटवर पाठवलेलं 'बोलतं पत्र'. दुसऱ्यात ते, जे बाजारात आलं होतं पण आता अ‍ॅपवर सापडत नाही. तिसऱ्यात ते, जे अ‍ॅपवर आहे. शोधताना एकदाच शोधून थांबू नका. देवनागरीत शोधा, मग रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे. 'भीमपलास'चीच चार स्पेलिंगं निघतात. गायकाच्या नावानं मिळालं नाही तर राग आणि बंदिशीच्या पहिल्या ओळीनं बघा. तिसऱ्या ढिगाची घाई नाही. पहिल्याची आहे, आणि त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

तीन मिनिटांचा ख्याल

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कलकत्त्यात, गौहर जान यांच्यासारख्या गायिकांच्या गाण्यानं. त्या आणि नंतरच्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. पाऊण तास रंगणारा ख्याल किंवा 'वन्स मोअर' घेत वाढत जाणारं नाट्यपद तेवढ्यात बसवावं लागे. म्हणजे माध्यमानं गाण्याचा घाटच ठरवला. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. १९४८ मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) दोन्ही नीट मांडता येऊ लागले.

याचा आजच्या ऐकण्याशी संबंध असा. अ‍ॅपवर जेव्हा १९३० च्या दशकातलं गाणं वाजतं तेव्हा ते लाखेच्या कुठल्या तरी एका तबकडीवरून उतरवलेलं असतं. ती किती झिजलेली होती, सुई कुठली लावली, खरखर किती पुसली, यावर सगळं ठरतं. तुम्ही महागडी वर्गणी भरता की फुकट ऐकता, यावर नाही. एकच ध्वनिमुद्रण बहुतेकदा तीन-चार वेगवेगळ्या अल्बमांत घातलेलं असतं. ते सगळे वाजवून बघा. ज्यात थोडी खरखर आहे पण आवाजाची धार आणि साथीची सारंगी स्वच्छ ऐकू येते, तो घ्या. ज्यात खरखर अजिबात नाही आणि गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं, त्यात कुणी तरी सफाईच्या नादात गाणंही पुसलेलं आहे.

आकडे, पण कामापुरते

सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिली जाते. दोन चॅनल धरून हे होतं सेकंदाला १,४११ किलोबिट, म्हणजे मिनिटाला दहा एमबी. माणसाचा कान तरुणपणी २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, पुढं वयानुसार कमीच. ४४,१०० मोजण्यांत २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण पकडता येतो. त्यामुळे सीडीचा दर्जा ऐकण्यासाठी पुरेसा आहे. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ अशा जाहिरातींचा उपयोग स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणाऱ्याला. नुसतं ऐकणाऱ्यानं त्यासाठी जादा पैसे मोजावेत असं आम्हाला वाटत नाही.

एमपीथ्री आणि अ‍ॅपवरचे तसले प्रकार जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतात. मोठ्या आवाजाला लागून आलेला बारीक आवाज कानाला तसाही कळत नाही, असा त्यामागचा हिशोब. सेकंदाला ३२० किलोबिटला हा हिशोब इतका नीट जमतो की डोळे बांधून ऐकवलं तर बहुतेकांना फरक सांगता येत नाही. १२८ ला मात्र तो उघडा पडतो, आणि कुठं पडतो ते आपल्या गाण्यात चटकन कळतं: टाळ. वारकरी भजनातला टाळांचा खणखणाट म्हणजे वरच्या पट्टीतले अनेक स्वर एका क्षणात फुटणं. कमी किलोबिटमध्ये त्याचं 'छस्स-छस्स' होतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंज, आणि मैफलीतल्या टाळ्या हे त्याच रोगाचे आणखी दोन रोगी. तुमच्या अ‍ॅपची सेटिंग परीक्षेला लावायची असेल तर एखादं भजन आधी 'कमी' आणि मग 'सर्वोच्च' दर्जाला लावा आणि फक्त टाळ ऐका.

फ्लॅक हा फाइलचा प्रकार वेगळा. तो झिप फाइलसारखा आहे: आकार साधारण निम्मा होतो, पण उघडल्यावर एकही आकडा हरवलेला नसतो. अ‍ॅपल म्युझिकनं २०२१ पासून असा बिनगळतीचा दर्जा त्याच वर्गणीत दिला आहे. त्यांचा प्रकार निराळा, तत्त्व तेच. पण अ‍ॅपवर तो निवडून ब्लूटूथच्या स्पीकरवर ऐकलात तर हाती फारसं काही लागत नाही. फोन आवाज पुन्हा दाबूनच पाठवतो. साध्या ब्लूटूथला सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास मर्यादा असते. वायर लावा, नाही तर ३२० वर समाधान माना आणि डेटा वाचवा. ३२० ला तासाला १४४ एमबी जातात, बिनगळतीला त्याच्या अडीच-तीन पट.

अ‍ॅपची खरी अडचण दर्जाची नाहीच. तिथलं गाणं तुमचं नसतं, भाड्याचं असतं. कंपनी आणि अ‍ॅप यांचा करार संपला की यादीतलं गाणं एका सकाळी करडं पडतं. 'डाउनलोड' केलेलंही अ‍ॅपच्या कुलपातच असतं. वर्गणी थांबली की वाजत नाही. परदेशात राहणाऱ्यांना तर पुण्यात ऐकलेला अल्बम तिकडे दिसतच नाही असंही होतं, कारण हक्क देशवार दिलेले असतात. गाण्याच्या सीडीला मात्र डीव्हीडीसारखा प्रदेशाचा कोड नसतो; दादरला घेतलेली डॅलसमध्ये वाजते. दुसरी अडचण माहितीची. एलपीच्या पाठीवर राग, ताल, तबला कुणाचा, हार्मोनियम कुणाचं, सगळं छापलेलं असे. अ‍ॅपवर अनेकदा 'कलाकार' म्हणून एक नाव, आणि नाट्यपदाचा कवी बेपत्ता. तिसरी बारीक पण डोकं फिरवणारी: फुकटच्या अ‍ॅपवर विलंबित संपून द्रुत सुरू होण्याच्या सांध्यात गृहकर्जाची जाहिरात.

हातात फोन नको वाटणाऱ्या ज्येष्ठांसाठी सारेगामा कंपनीनं २०१७ मध्ये कारवाँ आणला, आतच हजारो गाणी भरलेला रेडिओसारखा डबा. मराठी गाण्यांचाही निघाला. बटण फिरवलं की गाणं, नेट लागत नाही. मर्यादा एकच, निवड कंपनीची. तिच्या खजिन्याबाहेरचं गाणं हवं असेल तर पेनड्राइव्ह लावावा लागतो.

एलपी: कारण बरोबर असेल तर

मोजमापात एलपी सीडीच्या मागे आहे. शांत जागेतली खरखर जास्त, आणि आतल्या बाजूला आवाज बिघडतो. याचं कारण भूमितीचं. तबकडी एकाच गतीनं फिरते, पण काठावर सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि शेवटच्या गाण्यापाशी जेमतेम २१. तेवढ्याच वेळातला आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, म्हणून शेवटच्या गाण्यातला 'स' फाटतो. तरीही एलपी घ्यायची दोन चांगली कारणं आहेत. जुनी एलपी त्या काळच्या ताज्या मूळ टेपवरून कापलेली असते. अ‍ॅपवरची प्रत कधी कधी दशकांनंतरच्या थकलेल्या टेपवरून आलेली असते. आणि दुसरं, वीस मिनिटं उठता येत नाही. ऐकण्याची ती शिस्त कुणाकुणाला हवीच असते.

मात्र सूटकेसमध्ये बसणारा स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यातल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या तुकड्याचा, भार पाच-सहा ग्रॅम असतो. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोनच्या आसपास पुरतो. जड सुई प्रत्येक फेरीला खाच खरवडते, आणि ते नुकसान भरून येत नाही. सुई धरणाऱ्या दांड्याचा, म्हणजे 'हाताचा', भार बदलता येईल असा टर्नटेबल घ्या. मागचं वजन फिरवून हात हवेत आडवा तरंगेल तिथं शून्य लावायचं, मग कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला भार द्यायचा. सुई पाचशे ते हजार तासांत बदलायची. लाखेच्या ७८ च्या रेकॉर्ड एलपीच्या सुईनं वाजवू नका. त्यांची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते.

टर्नटेबल थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला लावला तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. बिघाड नाही तो. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरची पट्टी वाढवून कापतात, नाही तर खाचा एकमेकींत घुसतील. वाजवताना ते उलटं करणारा फोनो प्रीअ‍ॅम्प मध्ये लागतो. काही टर्नटेबलांत तो आतच असतो.

जुन्या बाजारात रेकॉर्ड घेताना ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. केसासारखे ओरखडे चालतात. नखाला लागणारा ओरखडा दर १.८ सेकंदाला 'टक्' करणार, कारण तेवढ्यात एक फेरा होतो. खाचा काळ्या चकचकीत नसून करड्या दिसत असतील तर ती जड सुईनं झिजलेली आहे. कितीही धुतली तरी सुधारत नाही. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर भांड्यांचा साबण आणि मऊ मायक्रोफायबर. खाचांच्या दिशेनं गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका. लाख त्यात विरघळते. पॉलिश करणारा सुतार नेमकं तेच करतो.

सीडीबद्दल थोडक्यात: सध्या सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणूनच स्वस्तात मिळणारी वस्तू. संगणकात फ्लॅकमध्ये उतरवून घ्या. चुकलेला भाग पुन्हा वाचून खात्री करणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. लोक चकचकीत बाजू जपतात, पण नाजूक असते छापील बाजू, कारण गाणं साठवणारा अ‍ॅल्युमिनिअमचा थर तिथंच, पातळ लाखरोगणाखाली असतो. पुसताना मध्यातून काठाकडे सरळ पुसा, गोल नाही. घरी बर्न केलेल्या सीडीत मात्र अ‍ॅल्युमिनिअमवरच्या खळग्यांऐवजी रंगद्रव्य असतं आणि ते उडतं. मुंजीची, लग्नाची तशी सीडी असेल तर या रविवारीच उतरवा.

आता पहिला ढीग

कॅसेटचा पट्टा जेमतेम चार मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारा. त्यावरचं चुंबकीय ध्वनिमुद्रण सहसा टिकतं. मरतात ते बाकीचे भाग. म्हणून थेट वाजवायला बसू नका.

खिडकीतून रीळ बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोकणात दोन पावसाळ्यांत येते. अशी कॅसेट डेकमध्ये (वाजवायच्या यंत्रात) घातली की बुरशी हेडवर, म्हणजे पट्टा वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणत्याकडे द्या. मग खालच्या उघड्या बाजूला मधोमध तांब्याच्या पट्टीवरचं नमद्याचं छोटं पॅड आहे का ते पाहा. ते गळालं की आवाज दबलेला आणि हलता येतो. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडून रीळ दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येतं. चिकटवलेली असेल तर कडेला पातळ पात्यानं जपून उघडावी लागते. वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात मोडलेले नसतील तर आत्ताच मोडा. नाही तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, की आईच्या ओव्यांवर मिक्सरचा आवाज.

जुन्या डेकमधला रबरी पट्टा बहुतेक डांबरासारखा वितळलेला असतो. तो बदलून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. रबरी रोलरला नुसतं ओलं फडकं. अल्कोहोलनं रबर कालांतरानं कडक होतं. कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त फरक तीच पाडते. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो. ज्या टेपरेकॉर्डरवर ही कॅसेट भरली त्याचा कोन तुमच्या डेकपेक्षा वेगळा असणार. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू पाव फेऱ्याहून कमी, हळूहळू दोन्हीकडे फिरवा. 'स', 'श' आणि टाळ जिथं सर्वांत धारदार लागतील तिथं थांबा. गोधडीखालून आल्यासारखा वाटणारा आवाज एकदम समोर येतो. खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण घरगुती कॅसेटला बंद.

डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस, तिथून संगणक. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका. ते बहुधा एकाच चॅनलचं असतं आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील असा लेव्हल लावा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फाइल सुमारे दीड जीबी होते, फ्लॅकमध्ये निम्म्याच्या जवळपास. एक बाजू, एक फाइल. मधली खोकल्याची, चहाच्या कपांची जागा कापू नका.

वेग तपासायला विसरू नका. डेक सहा टक्के जोरात चालत असेल तर सूर एक पट्टी चढतो: काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो आणि बंदिश उगाच घाईची वाटते. साथीला हार्मोनियम असेल तर तुमच्या ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) ती दोन पट्ट्यांच्या मधोमध येते का ते पाहा. आली तर बहुधा वेग चुकला आहे. आणखी एक खूण: घरगुती कॅसेटवर बहुधा विजेची बारीक घूं असते. भारतात ती ५० हर्ट्झची. ऑडॅसिटीत ती ५२ वर दिसली तर टेप चार टक्के पळते आहे. तेवढ्या टक्क्यांनी वेग उतरवा.

खरखर घालवण्याच्या बटणापासून मात्र हात आवरा. ते बटण 'सतत चालणारा आवाज म्हणजे कचरा' असं मानतं, आणि तानपुरा हा सतत चालणाराच आवाज आहे. त्यातली सरकती पट्टी जास्त ओढली की आधी जवारी जाते, मग तानेचं शेपूट. करायचंच असेल तर गाणं सुरू होण्याआधीच्या, तानपुरा नसलेल्या दोन सेकंदांचा नमुना द्या, सहा डेसिबलच्या वर जाऊ नका, आणि मूळ फाइल न हलवता नक्कल करून तिच्यावर प्रयोग करा.

फाइलला नाव द्या ते 'साइड ए' नको. वर्ष, गाव, प्रसंग, मग गाणाऱ्यांची नावं. तिच्या तीन प्रती ठेवा: संगणकात, बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्ह कपाटात टाकून विसरायची जागा नाही. वीज न मिळता वर्षं गेली की त्यातलं पुसट होऊ शकतं. फाइल तयार झाली की ती आधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला ऐकवा आणि वही घेऊन शेजारी बसा. मागून ओवी उचलणारी ती दुसरी बाई कोण, हे फक्त त्यांनाच माहीत असतं.